दिवाळीतलं लॉज आणि हरवलेली वही: ऊबदार रहस्यकथा कशी रचावी

लक्ष्मीपूजनाला अमावास्या असते. शाळकरी पोरालाही हे ठाऊक असतं. तरीही काही वर्षांपूर्वी लिहिलेल्या एका गोष्टीत मी त्या रात्री एका माणसाचा चेहरा चांदण्यात दाखवला होता. गोष्ट वाचून मावशीचा फोन आला, "अगं, अमावास्येला चांदणं कुठून आणलंस?" मी ते वाक्य खोडायला घेतलं आणि थांबले. निवेदकाच्या तोंडी ती चूक होती. तेच वाक्य एखाद्या पात्राच्या तोंडी गेलं, तर ते पकडता येईल असं खोटं होत होतं. त्या एका वाक्यावरून मला या प्रकारच्या कथेची रीत कळली, आणि तीच इथे पायरी पायरीने मांडते आहे.

आधी प्रकार समजून घेऊ. इंग्रजीत ज्याला कोझी मिस्ट्री म्हणतात, ती म्हणजे लहान गाव, ओळखीची माणसं, सणासुदीचे दिवस, रक्तपात नाही, शोध घेणारी व्यक्ती पोलिसातली नाही, आणि शेवटी घर पुन्हा घरासारखं होतं. आपल्याकडे 'मनोरंजन'ने १९०९ मध्ये दिवाळी अंकाची प्रथा पाडली, तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी गोष्ट वाचायची सवय आपल्या घरात आहे. ही कथा त्या जागेसाठीच आहे. पण बरेच लिहिणारे ऊब वेगळी ठेवतात आणि रहस्य वेगळं. चकली, पणत्या, उटणं यांची दोन पानं लिहितात, मग "तेवढ्यात किंकाळी ऐकू आली" म्हणून दुसरी गोष्ट सुरू करतात. माझं म्हणणं एकच आहे: ज्या गोष्टीने घर उबदार वाटतं, तिच्यातूनच चोर सापडला पाहिजे. पाणी तापवायचा बंब, चपलांची रांग, पूजेचा चौरंग, पंचांग यांतून. पुढची प्रत्येक पायरी यावरच उभी आहे.

जागा: आत कोण आणि बाहेर कोण

इंग्रजी गोष्टींत पाहुण्यांना अडकवायला बर्फ पडतो. बर्फाने वेढलेल्या अतिथीगृहात घडणारं एक नाटक लंडनमध्ये १९५२ साली रंगमंचावर आलं आणि अजून चालू आहे, इतकी ती युक्ती लोकांना आवडते. आपल्याला बर्फाची गरज नाही. आपल्याकडे माथेरान आहे.

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातलं हे डोंगरावरचं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. १८५० मध्ये ह्यू मॅलेट या ठाण्याच्या इंग्रज कलेक्टरने ते पाहिलं आणि तिथे बंगले उठले. दस्तुरी नाक्यापुढे मोटारगाडी जात नाही. आपल्या गोष्टीच्या वर्षी, २०२२ मध्ये, तिथून बाजारापर्यंतची अडीच-तीन किलोमीटरची लाल वाट पायी, घोड्यावर, हातरिक्षात किंवा अमन लॉज स्टेशनवरून छोट्या गाडीने पार करावी लागे. म्हणजे कोण आलं, कोण गेलं, कुणाचं सामान कुणी वाहिलं, हे कुणीतरी पाहिलेलं असतंच. रहस्यकथेला याहून चांगला पिंजरा कुठे मिळणार? दार उघडं आहे, पण गुपचूप निघता येत नाही.

तुमचं गाव दुसरं असेल तर त्याला हाच प्रश्न विचारा. वेंगुर्ल्याची खाडी असो की पन्हाळ्याचा दरवाजा, रात्री आठनंतर इथून बाहेर पडायचं तर कुणाच्या नजरेसमोरून जावं लागेल? त्या माणसाचं नाव वहीत लिहून ठेवा. तो तुमचा साक्षीदार.

आपल्या उदाहरणात बाजारापासून थोडं आत, आठ खोल्यांचं जुनं बंगलीवजा लॉज घेऊ. पुढे लांब ओटा, मागे स्वयंपाकघर, त्यापलीकडे न्हाणीघर आणि तांब्याचा बंब. मालकीण कुमुदताई, वय बासष्ट. नवरा गेल्यापासून एकट्याने लॉज चालवतात.

पंचांग उघडल्याशिवाय कथानक आखू नका

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. "दिवाळीत" एवढं म्हणून भागत नाही. कोणती दिवाळी? प्रत्येक वर्षी तिथी वेगळ्या पडतात आणि त्या फरकातच कथानक दडलेलं असतं.

मी २०२२ ची दिवाळी घेतली. कारण सांगते. नेरळ-माथेरान ही १९०७ साली सुरू झालेली छोटी रेल्वे २०१९ च्या पावसात वाहून गेलेल्या मार्गामुळे नेरळ ते अमन लॉजपर्यंत बंद पडली होती. ती २२ ऑक्टोबर २०२२ ला पुन्हा सुरू झाली. त्या दिवशी धनत्रयोदशी होती. सोमवारी, २४ तारखेला पहाटे नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान आणि संध्याकाळी लक्ष्मीपूजन. मंगळवारी २५ ला सूर्यग्रहण, मावळतीच्या सुमाराला आपल्याकडे दिसलेलं. त्यामुळे पूजन आणि पाडवा यांच्यामध्ये एक भाकड दिवस आला. आणि बुधवारी २६ ला पाडवा व भाऊबीज एकाच दिवशी.

आता बघा काय काय हाती आलं. तीन वर्षांनी गाडी आली, म्हणून जुनी गिऱ्हाइकं परत आली. ग्रहण आहे म्हणून वेध पाळणारी मंडळी जेवणार नाहीत, स्वयंपाकघर निवांत राहणार, पाण्याच्या भांड्यांत तुळशीची पानं पडणार, आणि ग्रहण सुटल्यावर आंघोळीसाठी बंब भलत्याच वेळी पेटणार. शेवटचा दिवस नवरा-बायको आणि भाऊ-बहीण या दोन्ही नात्यांचा. मला एकही योगायोग रचावा लागला नाही. पंचांगाने सगळं वाढून दिलं.

चंद्राकडेही लक्ष द्या. नाताळच्या रात्री चंद्र असेल की नसेल हे वर्षावर अवलंबून असतं. लक्ष्मीपूजनाला मात्र तो कधीच नसतो. नरकचतुर्दशीला दिसलाच तर सूर्योदयाच्या थोडा आधी, बारीक कोरीसारखा. भाऊबीजेची कोर संध्याकाळी लवकरच मावळते. दिवाळीतली सगळी माणसं अंधारात वावरतात, म्हणूनच दिवे लावतात. लिहिताना शब्दही जपून वापरा: चांदणं म्हणजे चंद्राचा उजेड, चांदण्या म्हणजे तारे. आपला सबंध उलगडा या एका मात्रेवर उभा राहणार आहे.

गुन्हा शेवटाकडून रचा

कथा वाचक पुढून वाचतो, पण तुम्ही ती मागून बांधायची. पहिला प्रश्न: कुणाला काय हवं होतं, आणि आत्ताच का?

खून टाळा, असं माझं आग्रहाचं मत आहे. दिवाळीत घरात मृत्यू झाला की सण तिथेच थांबतो. पणत्या विझतात, पाहुणे निघून जातात, आणि तुम्हाला हवी असलेली ऊब परत येत नाही. चोरी, नाहीशी झालेली वस्तू, खोटा कागद, एवढ्यावर सुंदर कथा उभी राहते.

आपल्या गोष्टीत लक्ष्मीपूजनाच्या चौरंगावरून दोन वस्तू गेल्या: कुमुदताईंच्या सासूबाईंची पुतळ्यांची माळ, आणि तिच्याखाली पूजेला ठेवलेलं लॉजचं जुनं रजिस्टर, लाल खारव्याच्या, म्हणजे जाड कापडाच्या बांधणीचं, १९८३ सालचं. दुसऱ्या दिवशी सकाळी माळ तुळशीवृंदावनात सापडते. सगळे सुटकेचा श्वास टाकतात. माकडाने नेली असेल, पोरांनी खेळात टाकली असेल. रजिस्टर कुठे गेलं हे फक्त कुमुदताई विचारतात.

कारण असं. पाहुण्यांमध्ये वसंतराव आणि त्यांची धाकटी बहीण विजया आहेत. दोघंही साठी ओलांडलेली. वडिलांचा दादरचा फ्लॅट, इमारत आता पुनर्विकासाला चालली आहे, सोसायटी वारसांचे कागद मागते आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे मुलाला आणि मुलीला सारखा वाटा. पण वसंतरावांच्या कपाटातून एक मृत्युपत्र 'निघालं' आहे, सगळं मुलाच्या नावे, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह, मुंबईत केलेलं, तारीख १९८३ च्या पाडव्याची. सुट्टी संपली की प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्राला कोर्टाची मान्यता घेण्यासाठी, ते कोर्टात जाणार. विजयाने ते अजून पाहिलेलं नाही. वसंतरावांनी साडेतीन मुहूर्तांतला दिवस निवडला, वडिलांना शोभेलसा. ते त्या वर्षी नोकरीमुळे दूर होते, त्यामुळे त्यांना एवढंच ठाऊक नव्हतं, की १९८३ ची दिवाळी वडिलांनी विजूला घेऊन माथेरानला काढली होती. येण्याची तारीख, जाण्याची तारीख, खाली स्वतःच्या हाताची सही. सगळं त्या लाल रजिस्टरात.

हेतू असा हवा: कागदोपत्री पक्का आणि घरातल्या घरात दुखणारा.

आता चाणाक्ष वाचक जे विचारेल ते स्वतःला विचारा. वसंतरावांनी नुसतं एक पान का फाडलं नाही? कारण रजिस्टरला पानांचे आकडे आहेत. गेलेलं पान नेमकं कोणतं हे मागचं-पुढचं पान सांगेल. माळ का उचलली? चोरी सोन्याची वाटावी म्हणून. मग परत का टाकली? कारण सोनं गेलं तर पोलीस येतील, सोनं मिळालं तर येणार नाहीत. आणि मोबाइलचं काय, कुणी त्या पानाचा फोटो काढला नाही? हा प्रश्न आजच्या प्रत्येक रहस्यकथेला सोडवावा लागतो. आपल्याकडे पुण्याहून आलेल्या तरुण आईने फोटो काढले आहेत, पण तिच्या आजोबांच्या १९७१ च्या नोंदीचे. अशी एक जवळून हुकलेली गोष्ट ठेवली की वाचकाची शंका मिटते.

माणसं: आठांच्या वर नकोत

कुमुदताई, स्वयंपाकाच्या शेवंताबाई, वरकाम करणारा सदू. पाहुण्यांत वसंतराव, त्यांच्या पत्नी सुनंदा, विजया, पक्षी रंगवणारे निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि पुण्याची ती आई. तिचा सहा वर्षांचा मुलगा संशयित नाही म्हणून मोजत नाही. गेटाबाहेर रामा घोडेवाला.

प्रत्येकाला दुसरं एखादं लहानसं गुपित द्या, जे चोरीशी संबंधित नाही. शिक्षक मधुमेही आहेत आणि रात्री डब्यातली करंजी काढून खातात. सुनंदाला नवऱ्याच्या कागदाबद्दल कुणकुण आहे पण ती गप्प आहे. या गुपितांमुळे माणसं खोटं बोलतात आणि चोर एकटा पडत नाही.

संबोधनांवरून नाती कळू द्या. वसंतराव कुमुदताईंना "वहिनी" म्हणतात, कारण ते त्यांच्या नवऱ्याचे मित्र. विजया भावाला "दादा" आणि तो तिला "विजू". शेवंताबाई मालकिणीला "ताई" म्हणतात पण वसंतरावांशी बोलताना "साहेब". जो माणूस घरातल्या बाईला वहिनी म्हणतो, त्याच्यावर संशय घ्यायला जीभ रेटत नाही. कुमुदताईंची अडचण ही आहे, आणि ती नुसत्या हाकेने दाखवता येते.

रामाबद्दल मनापासून एक सांगायचं आहे. अशा गोष्टींत पहिला आळ नेहमी गरिबावर येतो: मोलकरीण, हमाल, घोडेवाला. प्रत्यक्षातही तसंच होतं, म्हणून तो येऊ द्या. पण त्याची किंमतही दाखवा. एका संध्याकाळच्या बोभाट्याने त्याची ऐन हंगामातली गिऱ्हाइकं तुटतात. शेवटी चोर सापडला पण रामाची कुणी माफी मागितली नाही, तर ती कथा उबदार नाही.

वीस मिनिटांचा तक्ता

घराचा नकाशा कागदावर काढा. वेडावाकडा चालेल, पण दारं मोजा. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरूने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम लिहिले. त्यात गुप्त वाट असलीच तर एकच असावी, असं म्हटलं आहे. मी म्हणेन, एकही नको. मागचं दार आणि न्हाणीघराचा बोळ पुरे.

मग गुन्ह्याची वीस मिनिटं मिनिटागणिक लिहा. आपल्याकडे ती अशी. आरती संपते, साडेसात वाजलेले. सगळे ओट्यावरून खाली उतरतात आणि गेटपर्यंतच्या वाटेवर दुतर्फा पणत्या मांडतात. मुलाच्या फुलबाज्या. सुनंदा वात विझली म्हणून तेल आणायला परत येते, ओट्यावरूनच सदूकडून घेते. शेवंताबाई नैवेद्याचं ताट झाकून बाहेर येतात. वसंतराव "आलोच" म्हणतात. वीस मिनिटांनी सगळे आत येतात तेव्हा चौरंगावर नुसत्या अक्षता.

त्या वर्षी मान्सून ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या तोंडापर्यंत रेंगाळला होता, म्हणजे वाटेवरची माती ओलसर. माथेरानची माती तांबडी जांभ्याची, पायाला लागली की सोडत नाही. ओट्याच्या पायरीशी चपलांची रांग असते. बहुतेक लेखक इथे चोराच्या चपलेला माती लावतील. ती सगळ्यांच्याच चपलांना लागलेली आहे! माथेरानात कोरडी, स्वच्छ चप्पल हाच पुरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सदू ओटा धुवायला चपला बाजूला करतो, आठ जोड तांबडे, एक काळाभोर. वाक्य एवढंच लिहा, आणि लगेच माकडाने शिक्षकांचा बिस्किटपुडा पळवल्याचा गोंधळ सुरू करा.

सुगावे उघड्यावर ठेवा

सुगावा लपवायचा म्हणजे अंधारात ठेवायचा नाही. गप्पांच्या मध्ये ठेवायचा. वाचक ज्या वाक्यावर हसतो त्याच्यावर संशय घेत नाही. पहिला सुगावा धनत्रयोदशीच्या संध्याकाळी येतो. गाडी सुरू झाल्याच्या आनंदात कुमुदताई जुनी रजिस्टरं ओट्यावर काढतात:

"हे बघ विजू, त्र्याऐंशी साल. तुझ्या बाबांची सही. काय वळणदार अक्षर!"

"अय्या, हो की! मला मलेरिया होऊन गेला होता ना त्या वर्षी, म्हणून हवापालटाला आणलं होतं. दादा, तू नव्हतास."

"नव्हतो," वसंतराव म्हणाले, आणि अर्धा कप चहा तसाच ठेवून पान लावायला उठले.

आठवणींचा हळवा प्रसंग म्हणून वाचक पुढे जातो. अर्ध्या कपाकडे लक्ष गेलंच तर माणूस हळवा झाला असं वाटतं. दुसरा सुगावा चोरीनंतर, वसंतरावांच्या तोंडी:

"मी गेटापर्यंत धावलो, वहिनी. रामाच होता. डोक्याला तो त्याचा हिरवा फडका, घाईघाईने उतारावर चाललेला. स्वच्छ चांदण्यात दिसला ना मला! पोलिसांना सांगा नाहीतर राहू द्या, सणाचा दिवस आहे."

यात हिरवा फडका वाचकाला खेचून घेतो. रामा खरंच हिरवा फडका बांधतो, म्हणून साक्ष खरी वाटते. 'चांदणं' त्या फडक्याच्या सावलीत निघून जातं. आणि "गेटापर्यंत धावलो" हे त्या स्वच्छ चपलेशी जुळत नाही, हे वाचकाला दुसऱ्या दिवशी कळू शकतं. दोन सुगावे एकमेकांना टेकले की पुरावा होतो. एकटा सुगावा नुसती शंका असते.

चकवा मात्र प्रामाणिक असावा. रानात चकवा लागलेला माणूस चालतो खऱ्या वाटेनेच, फक्त पुन्हा पुन्हा तिथेच येतो. शिक्षक रात्री स्वयंपाकघरात होते, हे खरं आहे. त्यांनी ते लपवलं, हेही खरं. कारण करंजी. वाचकाला नंतर फसवलं गेल्यासारखं वाटता कामा नये.

पोलीस बाजूला कसे राहतील

माथेरानला पोलीस ठाणं आहे. तेव्हा "पोलीस येईपर्यंत" ही सबब चालत नाही. इथे मात्र गाठ आपोआप सुटते: माळ सापडली, आणि जुन्या वहीची तक्रार कोण घेऊन जाणार? ओळखीचे हवालदार फराळाला येतात, ऐकून घेतात, "ताई, काही लागलं तर हाक मारा" म्हणून जातात. पुरे.

बंब

ऊब आणि पुरावा एकच, हे सर्वांत नीट दिसतं ते इथे. म्हणून बंब मला जवळून दाखवू द्या.

तांब्याचा बंब म्हणजे पाण्याच्या पोटातून गेलेली एक नळी. वरून ढलप्या, चिपाडं, नारळाची सोडणं टाकायची, खाली जाळीवर निखारे, त्याखाली राख. तोटीतून पाणी काढलं की वरून तेवढंच गार ओतायचं. नळीचं तोंड वितभराचंही नसतं. म्हणजे अख्खं रजिस्टर त्यात जात नाही. पानं फाडून, चुरगळून, थोडी थोडी टाकावी लागतात. त्याला वेळ लागतो आणि जवळ कुणी नसावं लागतं.

म्हणून वसंतरावांनी रजिस्टर त्या रात्री बंबाशेजारच्या जळणाच्या ढिगात खुपसून ठेवलं. रात्री बंब पेटवला तर धूर दिसला असता. मंगळवारी पहाटे शेवंताबाई तिथेच होत्या. संध्याकाळी ग्रहण सुटल्यावर आंघोळींची रांग लागली, तेव्हाही न्हाणीघराच्या बोळात माणसंच माणसं. राहिली पाडव्याची पहाट.

कुमुदताईंना रजिस्टर मिळतं ते मंगळवारी दुपारी, वेधांमुळे स्वयंपाकघर निवांत असताना, संध्याकाळसाठी त्या स्वतः जळण काढायला गेल्यावर. हाताला खारवा लागतो. त्या ते उघडतात, पाहतात, आणि बोलत नाहीत. त्याच आकाराची एक कोरी वही जुन्या खारव्यात गुंडाळून तिथेच परत ठेवतात. रात्री जेवताना सहज म्हणतात, "शेवंताला उद्या उशीर होईल, पहाटे बंब कोण पेटवतंय?" ज्या माणसाने आयुष्यात आठाच्या आधी अंथरूण सोडलेलं नाही, ज्याला सुनंदा हातात पंचा नेऊन देते, तो म्हणतो, "मी पेटवीन की. आम्ही काय बंब पाहिले नाहीत?"

सुनंदा त्याच्याकडे पाहते. ते पाहणं लिहा, त्याच्या पुढे काही लिहू नका.

उलगडा: सगळ्यांना बैठकीत बसवू नका

परदेशी गोष्टीत सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून भाषण होतं. आपल्या घरात ते नाटकी वाटतं. पहाटे पाचला बंबापाशी फक्त दोघंजण असू द्या: कोऱ्या वहीची पानं हातात धरलेले वसंतराव, आणि दारात कंदील घेऊन कुमुदताई.

"भाऊजी, त्या रात्री अमावास्या होती."

एवढ्याने सगळं पडतं. "वसंतराव"वरून त्या "भाऊजी"वर आल्या आहेत, याचा अर्थ नातं अजून तोडलेलं नाही. चपलेचं, वहीचं, पाडव्याच्या तारखेचं सांगणं त्यानंतर दोन-तीन वाक्यांत येऊ द्या. मग त्या त्याच्यापुढे पर्याय ठेवतात. आज भाऊबीज आहे. विजूच्या ताटात काय घालायचं ते तुम्ही ठरवा. मी रजिस्टर आज पुन्हा चौरंगावर ठेवणार आहे.

संध्याकाळचा प्रसंग लांबवा, शब्दांची चणचण इथे करू नका. विजू ओवाळते. वसंतराव पाकिटाऐवजी घडी केलेला कागद ताटात ठेवतात. ती उघडून वाचते, तारीख वाचते, एकदा चौरंगाकडे बघते. ती माफ करते की नाही, हे मी तुमच्यावर सोडते. माझ्या गोष्टीत ती ओवाळणं पुरं करते आणि कागद स्वतःपाशी ठेवते. त्याआधी, दिवसाउजेडी, बाजारात चारचौघांसमोर वसंतरावांनी रामाची माफी मागितलेली असली पाहिजे. ज्या ठिकाणी आळ घेतला, त्याच ठिकाणी.

लिहायला बसल्यावर

दिवाळी अंकासाठी पाच-सहा हजार शब्द धरा. चोरी पहिल्या एक-तृतीयांश भागात व्हावी, आणि तोवर अर्धा कप चहा येऊन गेलेला असावा. फराळाची वर्णनं लिहून झाली की प्रत्येक पदार्थाला विचारा: तू कुणाची वेळ सांगतोस, की कुणाचं खोटं? करंजी शिक्षकांना सोडवते, तुळशीचं पान ग्रहणाची वेळ सांगतं. अनारसे नुसतेच छान होते, ते मी काढून टाकले.

पहिला खर्डा झाल्यावर वर्ष तपासा. हे कंटाळवाणं काम आहे आणि टाळता येत नाही. माथेरानला ई-रिक्षांचा प्रयोग डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला, म्हणजे ऑक्टोबरच्या गोष्टीत ई-रिक्षा आली की चूक. हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला. २०२२ मध्ये त्या होत्या. हवालदाराच्या तोंडी कलम घालायचंच असेल तर घरातल्या चोरीला तेव्हा भारतीय दंड संहितेचं ३८० होतं. न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून आली. पुनर्विकास, प्रोबेट, सोसायटीचे कागद यांबद्दल ओळखीच्या वकिलाला गोष्ट वाचायला द्या.

शेवटी ती अशा कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा, ज्यांच्या घरात बंब होता. "स्वच्छ चांदण्यात" म्हणताना आवाज बदलू नका. त्यांनी तिथेच थांबवलं, तर हिरव्या फडक्यावर आणखी एक ओळ खर्च करा. पहाटेच्या बंबापाशी पोचल्यावर त्यांनी "थांब, मागे काय म्हणाला होता तो?" असं विचारलं, तर गोष्ट संपादकांकडे पाठवून द्या.